आधी मोजा, मग बदला
वाचकांचे प्रश्न

कमी खर्चात, पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन घर कसं चालवायचं, याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मोबाइलचा चार्जर वापरून झाला की आम्ही लगेच काढून ठेवतो, रिकाम्या खोलीतला दिवा बंद करतो. तरी विजेच्या बिलात काहीच फरक पडत नाही. असं का?

सवय चांगलीच आहे, पण वीज दुसरीकडून जाते आहे. फोन न जोडलेला आजचा चार्जर साधारण ०.१ वॉट वीज घेतो. वर्षाचे ८,७६० तास तो तसाच लटकत राहिला तरी एक युनिटसुद्धा पुरतं होत नाही. आता आंघोळीच्या पाण्याचा हिशेब करा. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. हा निसर्गाचाच आकडा असल्यामुळे थेट विजेने पाणी तापवणारा कुठल्याही कंपनीचा साधा हीटर त्याहून कमी विजेत ते काम करू शकत नाही. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली कुणी १० मिनिटं उभं राहिलं आणि पाणी २० अंशांनी तापवलेलं असलं, तर २.३ युनिट खर्ची पडले. म्हणजे त्या एका आंघोळीत चार्जरची अडीच वर्षं वाहून गेली.

घरात जिथे उष्णता तयार होते तिथे वीज जाते, हे एकदा लक्षात आलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. शॉवरखाली बादली ठेवा आणि एका मिनिटात किती लिटर पाणी पडतं ते मोजा. ९-१० लिटरच्या वर पडत असेल तर ६-७ लिटरचा शॉवर किंवा पाण्याचा वेग रोखणारी छोटी चकती बसवा. दोन ठिकाणी हा उपाय फसतो. टाकी स्नानघराच्या जेमतेम वर असेल तर दाब मुळातच कमी असतो आणि नवा शॉवर नुसता ठिबकत राहतो. दुसरं, चालत्या पाण्यावर पेटणाऱ्या इन्स्टंट हीटरला ठरावीक किमान प्रवाह लागतो. त्याहून कमी पाणी आलं की तो पेटतच नाही, म्हणून हीटरच्या पुस्तिकेतला आकडा आधी पाहून घ्या.

साठवणीच्या हीटरबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २,००० वॉटच्या हीटरला साधारण २१ मिनिटं लागतात. त्यामुळे दिवसातून एकदाच गरम पाणी लागत असेल तर तो दिवसभर चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. अर्धा तास आधी लावा, आंघोळ झाली की बंद करा. मात्र पैसे वाचवायला थर्मोस्टॅट ४०-४५ वर आणून ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्याच पाण्याचे तुषार श्वासावाटे आत जातात. ६० अंश राहू द्या आणि हीटरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या नळीच्या पहिल्या एक-दोन मीटरवर फोमचं वेष्टण चढवा.

स्टँडबायवरच्या सगळ्याच वस्तू निरुपद्रवी असतात असंही नाही. काही सेट-टॉप बॉक्स बंद दिसत असतानाही १० वॉट खातात, आणि त्याचे वर्षाला जवळजवळ ८८ युनिट होतात. कसोटी सोपी आहे: बटण बंद करून तासभर झाल्यावर वस्तूला हात लावा. ती अजून कोमट लागत असेल तर मुख्य बटणावरून बंद करा. अचूक आकडा हवा असेल तर सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा वीजमापक मिळतो. चार-पाच घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो, कारण तो रोज लागत नाही.

प्रश्न : बाल्कनीत २५ लिटरच्या डब्यात ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात उग्र वास, तळाशी काळं पाणी आणि वळवळणाऱ्या जाड अळ्या. घरच्यांनी डबा फेकून द्यायला सांगितलंय. काय चुकलं?

डबा फेकू नका. जवळजवळ प्रत्येक नव्या डब्याचं हेच होतं आणि कारणही बहुधा एकच असतं: सुका माल कमी पडतो.

खत करणाऱ्या सूक्ष्मजीवांना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. भाज्यांची देठं आणि फळांच्या साली यांत नायट्रोजन भरपूर, कार्बन त्या मानाने कमी आणि पाणी तर बेसुमार. वाळलेला पाला, फाडलेला पुठ्ठा, कोरा किंवा वर्तमानपत्राचा कागद, लाकडाचा भुसा हे कार्बनचे साठे. रोज वजन करत बसायची गरज नाही, आकारमानाने मोजा. एक वाडगं ओला कचरा असेल तर दोन वाडगी चुरलेला पाला. भुसा असेल तर एकास एक पुरतो, कारण त्यात कार्बन फारच जास्त असतो. भुसा भरमसाट घातला तर वास येत नाही हे खरं, पण महिनोन्‌महिने डब्यात काही घडतही नाही. प्लायवूडचा भुसा मात्र नको, त्यात डिंक असतो.

वासावरून रोग ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया: नायट्रोजन जास्त झाला, सुका माल घाला. सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा पोचत नाही, गच्च ओल झाली आहे. आंबूस वास येत असेल तर फळांच्या साली एकदम खूप पडल्या.

तुमच्या डब्यासाठी आता करायचं ते असं. जुन्या चादरीवर डबा पालथा करा. ढेकळं फोडा. सुका पाला मिसळत राहा आणि मधूनमधून मूठभर माल घट्ट पिळून पाहा. बोटांतून धार लागली तर अजून सुका हवा, एक-दोन थेंबच आले तर जमलं, काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच भुगा झाला तर थोडं पाणी शिंपडा. डब्याच्या तळाला आणि बाजूंना ६ ते ८ मिलिमीटरची भोकं असायला हवीत, साधारण दर १० सेंटिमीटरवर एक. बहुतेक जण फक्त झाकणाला भोकं पाडतात, आणि हवा खालून शिरायला हवी हे राहून जातं. डबा दोन विटांवर उचलून ठेवा, तळाशी ५ सेंटिमीटर सुक्या काड्यांचा थर द्या, मग माल परत भरा. यापुढे कचरा २-३ सेंटिमीटरचे तुकडे करून घाला, प्रत्येक वेळी वरून बोटभर जाडीचा सुका थर पसरा आणि दर तीन-चार दिवसांनी काठीने तळापासून वर-खाली करा.

त्या जाड अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. त्यांचा सुळसुळाट झाला याचा अर्थ एवढाच की वर ओलं आणि उघडं अन्न राहतंय. सुका थर वाढला की त्या कमी होतात. बारीक चिलटांची अंडी फळांच्या सालींवरून घरात येतात, त्यामुळे साली नेहमी थराखाली दाबा आणि भोकांना आतून बारीक जाळी लावा. पांढऱ्या बुरशीची तक्रार दोन पत्रांत आहे. ती तक्रार नव्हे, काम सुरू असल्याची पावती आहे.

तळाचं काळं पाणी म्हणजे झाडांचं टॉनिक, असं कुठे वाचलं असेल तर विसरा. ते कचऱ्यातून पाझरलेलं पाणी आहे. दुर्गंधी येत असेल तर ओतून द्या. येत नसेल तर दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांच्या मातीत घाला, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना नको.

छोट्या डब्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. ढीग जवळजवळ एक घनमीटरचा असेल तरच आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जाऊन टिकतं. २५ लिटरच्या डब्यात तेवढी ऊब धरत नाही, म्हणून बिया जिवंत राहतात आणि कुंडीत अचानक टोमॅटो उगवतात. तेवढं चालतं. पण पाळीव प्राण्यांची विष्ठा आणि रोगट झाडांचा पाला याच कारणाने छोट्या डब्यात घालू नये. मांस, हाडं, तेलकट आणि खारट शिजलेलं अन्न, फळांवरचे चिकट स्टिकर हेही बाहेर. चहाच्या पिशव्या फोडून फक्त चोथा घाला, कारण कित्येक पिशव्यांच्या कागदात प्लास्टिकचे धागे असतात.

दोन डबे असले की काम सोपं होतं: एक भरत असतो, दुसरा पिकत असतो. डबा भरल्यानंतर दोन ते तीन महिने लागतात आणि वर एक महिना मुरायला द्यावा लागतो. खत तयार झालं का ते पाहायला मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला तर तयार, आंबूस किंवा झोंबणारा वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं की सूक्ष्मजीव आपलं उरलेलं काम पुरं करायला मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. तयार खतही तीन-चार भाग मातीला एक भाग इतकंच. आणि हो, महागडी ‘कल्चर’ पावडर लागत नाही. बागेतली दोन मुठी माती किंवा जुनं खत घातलं तरी तेच जीव डब्यात येतात.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली कचऱ्याची पिशवी सहा महिने खताच्या डब्यात आहे, तशीच्या तशी. फसवणूक आहे का?

बहुधा नाही, पण छापलेल्या शब्दाचा अर्थ तुम्हाला वाटला त्याहून अरुंद आहे. युरोपीय मानक ईएन १३४३२ ज्या चाचणीवर उभं आहे ती औद्योगिक खत प्रकल्पातली परिस्थिती गृहीत धरते: सुमारे ५८ अंशांची ऊब, भरपूर ओल, नियमित हवा. तिथे १२ आठवड्यांत पिशवीचे तुकडे व्हायला हवेत आणि सहा महिन्यांत त्यांचं विघटन. घरच्या थंड डब्यात पीएलएसारखं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. ‘होम कंपोस्टेबल’ असं स्वतंत्र प्रमाणपत्र असेल तरच घरच्या डब्यात घाला. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असेल आणि किती दिवसांत, कुठल्या तापमानाला हे सांगितलेलं नसेल, तर त्या शब्दाला किंमत देऊ नका. ‘ऑक्सो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या तर फक्त बारीक चुऱ्यात फुटतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने त्यांच्यावर बंदी घातली ती याच कारणाने.

ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी हवीच कशाला? तळाला वर्तमानपत्राची घडी घाला आणि कचऱ्याबरोबर तीही खतात जाऊ द्या.

प्रश्न : प्लास्टिक टाळायचं म्हणून सुती पिशव्या घेतल्या. प्रत्येक कार्यक्रमात आणखी एक मिळते, आता घरात पंचवीस-तीस झाल्या आहेत. हे बरोबर चाललंय ना?

पिशवी सुती आहे एवढ्याने बरोबर होत नाही. ती किती वेळा वापरली यावर सगळं ठरतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या हिशेबात, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतका तापमानवाढीचा भार खाली यायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. कागदीसाठी हा आकडा ३ होता आणि न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाड पिशवीसाठी ११. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात सुती पिशवीसाठी फक्त हवामानाचा विचार केला तर ५२ वेळा आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा असा आकडा आहे. हा दुसरा आकडा समाजमाध्यमांवर फार फिरतो. तो मुख्यतः ओझोन थरावरच्या परिणामाच्या एकाच निकषामुळे इतका फुगला आहे, तेव्हा त्याने घाबरून जायचं कारण नाही. शिवाय उघड्यावर फेकलेली पिशवी नाल्यात आणि समुद्रात काय करते, ते या हिशेबांत धरलेलं नाही. म्हणून ‘मग प्लास्टिकच बरं’ असा निष्कर्ष काढणंही चूक.

आठवड्यातून दोनदा वापरली तर १३१ चा आकडा सव्वा वर्षात गाठता येतो. एकीच्या बाबतीत हे सहज जमतं, तिसांच्या बाबतीत जमणार नाही. तेव्हा यापुढे फुकट मिळणारी पिशवी नम्रपणे परत करा, आहेत त्यांतल्या चार-पाच दाराशी, वाहनात, कामाच्या झोळीत ठेवा आणि उरलेल्या ज्यांच्याकडे नाहीत त्यांना देऊन टाका. नवी लागलीच तर जुन्या पॅंटच्या किंवा चादरीच्या कापडातून शिवा, त्या कापडाचा भार आधीच चुकता झालेला आहे. शिवताना पट्टा पिशवीच्या आत १० सेंटिमीटर खाली घ्या आणि तिथे चौकोन व मध्ये फुली अशी शिवण मारा, कारण पिशवी फाटते ती नेहमी पट्ट्याच्या मुळाशी. तळाची शिवण दुहेरी.

प्रश्न : घरच्या घरी साफसफाईचं द्रावण म्हणून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतो. छान फेस येतो, पण डाग जात नाहीत. आणि सालींचं ‘एंझाइम’ करावं का?

फेस दिसतो तेव्हाच दोन्ही वाया गेलेले असतात. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी उरतं. ते जवळपास साध्या पाण्याइतकंच साफ करतं. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन घासायला. व्हिनेगर नळावरचे, काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग घालवायला: निम्मं पाणी मिसळा, त्यात कापड भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने पुसून धुवा. संगमरवरावर आणि चुनखडीच्या फरशीवर व्हिनेगर किंवा लिंबू कधीच नको. ते दगडच विरघळवतात, चकाकी जाते आणि परत येत नाही.

किटलीतल्या थरासाठी सायट्रिक ॲसिड स्वस्त पडतं. १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम, अर्धा तास, मग दोनदा धुणं. उकळू नका. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि त्याचाच नवा थर बसतो. चिकट तेलकट डागांना धुण्याचा सोडा, १ लिटर गरम पाण्यात एक-दोन मोठे चमचे. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून दूर ठेवा, ती काळी पडतात.

एक धोक्याची गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन, तोही तितकाच वाईट. ‘नैसर्गिक’ म्हणून व्हिनेगर निर्धोक समजलं जातं आणि बंद न्हाणीघरात हा अपघात होतो.

सालींच्या द्रावणाची प्रचलित कृती म्हणजे १ भाग साखर, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. त्यातून मिळतं ते मुख्यतः पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सुगंधी व्हिनेगरच. फरशी पुसायला बरं आहे, पण जंतुनाशक म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये, आणि त्याने नद्या शुद्ध होतात वगैरे दाव्यांना आधार नाही. करायचंच असेल तर बाटली पाव भाग रिकामी ठेवा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. काचेची बाटली घट्ट बंद ठेवली तर फुटते. आमच्या मते साली खताच्या डब्यात घालाव्यात आणि साखर चहात.

प्रश्न : पाण्याचं बिल वाढलंय, गळती कुठेच दिसत नाही.

न दिसणारी गळती बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत असते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर तळाची रबरी झडप नीट बसत नाही. आधी ती काढून क्षार खरवडून पाहा. रबर कडक झालं असेल तर बदला, पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून २-३ सेंटिमीटर खाली नसेल तर पाणी तिकडूनही निसटत राहतं. फ्लोट थोडा खाली घ्या.

रंग उतरला नाही तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा पाहा. फरक असेल तर गळती नळ्यांमध्ये आहे, प्लंबरला बोलवा. थेंब गळणाऱ्या नळाखाली वाटी ठेवून १० मिनिटांत किती पाणी साठतं ते मोजा आणि १४४ ने गुणा. १०० मिलिलिटर साठलं तर दिवसाला १४.४ लिटर झाले.

टाकीत वीट ठेवायचा सल्ला जुना आहे, वाईटही आहे. वीट झिजते, तिचा गाळ झडपेत अडकतो. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली ठेवा, तीही एकाच बटणाच्या जुन्या मोठ्या टाकीत. त्यानंतर दोनदा फ्लश करावा लागत असेल तर बाटली काढून टाका.

प्रश्न : स्वयंपाकाचा गॅस लवकर संपतो. मोठा खर्च न करता काय करता येईल?

झाकण ठेवा, आणि उकळी आल्यावर ज्योत बारीक करा. सल्ला घासून गुळगुळीत झालेला आहे, पण त्यामागचा आकडा फारसा कुणी सांगत नाही. १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ पावणेसात पट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे खळखळ उकळलं काय आणि मंद उकळलं काय, अन्न त्याच तापमानाला शिजतं. जादा ज्योत फक्त वाफ बनवते. कुकरमध्ये दाबामुळे सुमारे १२० अंश मिळतात, म्हणून वेळ वाचतो. तिथेही दाब धरला की ज्योत कमी करायची.

कडधान्य सहा-आठ तास भिजवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर दिसू देऊ नका. ज्योत निळी हवी. पिवळी होत असेल, भांडं काळं पडत असेल तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर गार झाल्यावर सुईने साफ करून पूर्ण वाळवून बसवा.

पेटीत शिजवण्याची पद्धतही करून पाहण्यासारखी आहे. जड बुडाचं, किमान पाऊण भरलेलं, दोन लिटरहून मोठं भांडं घ्या. अन्न १० मिनिटं नीट उकळा, झाकणासकट टॉवेलात आणि मग जाड पांघरुणात गुंडाळून खोक्यात बंद करा. तीन-चार तास उघडू नका. भांडं लहान किंवा अर्धं रिकामं असेल तर ऊब ६० अंशांच्या खाली घसरते आणि जंतू वाढायला मोकळे होतात, म्हणून खाण्याआधी पुन्हा एक उकळी हवी. राजम्याला विशेष जपा. त्यातलं विषारी लेक्टिन जायला भिजवलेलं पाणी टाकून १० मिनिटं खळखळून उकळणं भागच आहे. कमी तापमानावर तासन्‌तास ठेवलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो.

प्रश्न : आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि कपडे धुतलेलं पाणी झाडांना चालतं का?

आरओच्या टाकाऊ पाण्याची भीती जरा जास्तच पसरली आहे. समजा ४ लिटर पाणी आत गेलं, त्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत, आणि १ लिटर शुद्ध पाणी ४० मिलिग्रॅमचं निघालं. उरलेल्या ३ लिटरमध्ये क्षार झाले लिटरला ५२०. म्हणजे मूळच्या १.३ पट, दहापट नव्हे. फरशी, फ्लश, वाहन धुणं यांना ते सरळ वापरा. झाडांना आलटून पालटून, एकदा हे आणि एकदा साधं. मूळचं पाणीच जड असेल तर कुंड्यांना नकोच. मुळात पुरवठ्याच्या पाण्यात क्षार कमी असतील तर आरओची गरज आहे का, हेही तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेल्या पाण्याची चव सामान्यतः चांगली असते. मात्र टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, मापकाला जंतू आणि आर्सेनिक दिसत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते.

कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी नको. त्यात सोडियम जास्त असतं, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालतं. त्याच दिवशी वापरा, पानांवर न ओतता मातीत घाला, आणि मातीवर पांढरा थर किंवा पानांची टोकं करपलेली दिसली की थांबवा.

प्रश्न : पंधरा वर्षांचा फ्रिज बदलावा का? दुकानदार म्हणतात, नवा वीज वाचवतो.

आधी हा फ्रिज नीट चालतोय का ते पाहा. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर रबर सैल आहे. ते वेगळं मिळतं. मागच्या जाळीवरची धूळ वर्षातून दोनदा काढा, भिंतीपासून थोडं अंतर ठेवा. आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ३ ते ५ अंश दिसतात का ते बघा.

मग वीजमापक लावा, पण तासाभरासाठी नव्हे. कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्यामुळे सात दिवसांची नोंद हवी. दिवसाला २ युनिट म्हणजे वर्षाला ७३०. नव्या फ्रिजच्या लेबलवर २५० असेल तर वर्षाला ४८० युनिट वाचतील. त्याला तुमच्या युनिटच्या दराने गुणा आणि नव्याची किंमत त्याने भागा. उत्तर पाच-सहा वर्षांच्या आत आलं तर बदला. दहाच्या वर आलं तर रबर बदलून जुनाच वापरा. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे नवा घ्यायचा आणि जुना दुसऱ्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवायचा. असं फार घरांत होतं.

जुना काढताना नळ्या कापू देऊ नका. त्या पिढीच्या फ्रिजांत सापडणारा आर-१३४ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तो काढून घेणाऱ्या ई-कचरा केंद्रातच फ्रिज द्या.

प्रश्न : सगळे सेल रिचार्जेबल घेतले. भिंतीवरच्या घड्याळात मात्र ते टिकत नाहीत.

घड्याळात साधाच सेल घाला. ते इतकी कमी वीज घेतं की एक सेल वर्षभराहून जास्त पुरतो, तर रिचार्जेबल सेल नुसता पडून राहूनही हळूहळू रिकामा होतो. त्याचा दाबही १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. रिचार्जेबल सेल खेळणी, टॉर्च, वायरलेस माऊस अशा भुकेल्या वस्तूंना द्या, आणि एका वस्तूत जुने-नवे मिसळू नका.

संपलेले लिथियमचे बटण-सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच संकलनाला द्या, नाहीतर कचऱ्यात ते एकमेकांना टेकून आग लागते. मुलांच्या हाती तर लागूच नयेत. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो, तेव्हा शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा. अल्कलाइन सेल गळून घड्याळाच्या पत्रीवर पांढरी पूड जमली असेल तर ती अल्कधर्मी असते. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एक थेंब घेऊन पुसा, मग ओल्या काडीने, शेवटी कोरड्या.